भाकरी कमी केली, आता धावायचं कसं?

मागच्या वेळी आपण बूट आणि गुडघे यांच्याबद्दल बोललो होतो. त्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. एकाने लिहिलं होतं, "डॉक्टरांनी पोळी-भात कमी करायला सांगितलंय, पण जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन आहे. काय करू?" एका ताईंनी लिहिलं होतं, "भात सोडून तीन आठवडे झाले. वजन उतरलं, पण पाच किलोमीटरलाच पाय मणामणाचे होतात. माझं काही चुकतंय का?" म्हणून आज हाच विषय घेतला आहे. कर्बोदकं कमी केल्यावर शरीराला नव्या इंधनाची सवय होईपर्यंत लांब पल्ल्याचं धावणं कसं करायचं, आणि काही बाबतीत करायचं की नाही.

उत्तर थोडक्यात आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच कोणाला उठावं लागलं तरी हरकत नाही. हा बदल काही आठवड्यांचा आहे, आणि त्या आठवड्यांत तुमचं धावणं बिघडणारच. हळू धावणं पुढे परत येतं. वेगाने धावणं बहुतेकांचं पूर्ण परत येत नाही. त्यामुळे तब्येतीसाठी आहार बदलायचा आणि त्याच दीड महिन्यात स्वतःची सर्वोत्तम वेळही काढायची, या दोन गोष्टी एका दोरीत बांधू नका. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आहाराच्या आधी डॉक्टरांशी बोला. ही शेवटची गोष्ट आम्ही एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याचं कारण आधी ऐका.

एका रविवारची गोष्ट

आमच्या गटातल्या एक ताई, वय पन्नाशीच्या पुढे, हाफ मॅरेथॉनच्या तयारीत होत्या. मधुमेह होता, रोज एक गोळी चालू होती. कुठेतरी ऐकून त्यांनी भात आणि पोळी बंद केली. दहा-बारा दिवसांत वजन दोन किलो उतरलं, त्या खूश, आम्हीही खूश. पण धावताना त्या मागे पडू लागल्या. डोकं हलकं होतं म्हणाल्या, हात थरथरतात म्हणाल्या. आम्ही काय सांगितलं? "सुरुवातीला असं होतंच, आठवडाभर कळ काढा." रविवारच्या लाँग रनला बाराव्या किलोमीटरला त्या रस्त्याच्या कडेला बसल्या. दरदरून घाम आलेला, बोलणं असंबद्ध. गटातल्या एकाकडे ग्लुकोमीटर होता म्हणून कळलं, साखर ५४. गूळ आणि साखरेचं पाणी दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्या सावरल्या.

त्यांची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या प्रकारातली होती. ताटातली कर्बोदकं निम्म्याहून कमी झाली, वर बारा किलोमीटरचं धावणं, आणि गोळीचा डोस मात्र जुनाच. साखर खाली जाणारच होती. जे आम्ही सवयीचा त्रास म्हणून सोडून दिलं, ते वेगळंच काही होतं. चूक आमची होती. गोळी कोणती, हा पहिला प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट शिकायला लागलो. आज जे सांगतोय ते त्यातूनच आलेलं आहे.

गच्चीवरची टाकी आणि परसातली विहीर

धावायला लागणारी शक्ती शरीर मुख्यतः दोन ठिकाणांहून आणतं. एक कर्बोदकांतून, दुसरी मेदातून. घराचंच उदाहरण घ्या. गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि परसात विहीर आहे. टाकी लहान, पण नळ उघडला की धो धो पाणी. विहीर खोल, पाणी अमाप, पण ते वर काढायला पंप लागतो, आणि पंप जेवढा मोठा तेवढंच पाणी येणार.

टाकी म्हणजे ग्लायकोजेन. आपण खाल्लेल्या भाताचा, भाकरीचा, साखरेचा शरीराने करून ठेवलेला साठा. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. एका ग्रॅममागे ४ कॅलरी धरल्या, तर सगळे मिळून सुमारे २००० कॅलरी. आणि त्यातलीही सगळी पायांना मिळत नाही. स्नायूतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूला वापरता येतं. दंडातला साठा मांडीला देता येत नाही. शेजारच्या सोसायटीची टाकी भरलेली असली म्हणून आपल्या नळाला पाणी येत नाही, तसंच.

विहीर म्हणजे चरबी. ६५ किलो वजनाच्या, बऱ्यापैकी सडपातळ माणसाच्या अंगावरही ९-१० किलो चरबी असते. एका ग्रॅमला ९ कॅलरी. म्हणजे ८० हजार कॅलरींचा ऐवज आपण अंगावर बाळगून फिरतो.

आता खर्च बघा. सपाट रस्त्यावर धावायला दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरला सुमारे २७५० कॅलरी. आणि तो जर दमछाक होईल अशा वेगाने धावत असेल, तर त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग टाकीतून जातो. म्हणजे टाकी शेवटाआधीच तळाला लागते. तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला 'वॉल' लागते असं धावणारे म्हणतात, ती हीच. मुंबईची फुल ज्यांनी केली आहे, त्यांना पेडर रोडचा चढ आठवत असेल. तो चढ एरवी काही फार मोठा नाही. पण तो नेमका टाकी रिकामी झाल्यावर येतो.

हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये काही धावपटूंची रक्तातली साखर शर्यत संपल्यावर मोजली, तेव्हा गलितगात्र झालेल्यांची साखर खूप खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी काही जणांना आधी जास्त कर्बोदकं आणि शर्यतीत गोळ्या-मिठाई दिली, तर त्यांची अवस्था बरीच चांगली राहिली.

मग साहजिकच कोणीतरी विचारणार: टाकी एवढी लहान आहे, तर विहिरीवरचा पंपच मोठा का करू नये? कमी कर्बोदकांच्या आहाराची धावण्यातली सगळी कल्पना या एका प्रश्नात आहे.

कमी म्हणजे किती?

आपल्या नेहमीच्या ताटाचा हिशोब करू. सकाळी एक बशी पोहे, ४५ ग्रॅम कर्बोदकं. दुपारी तीन पोळ्या, ६०. वाटीभर भात, ४०. आमटी किंवा उसळ, २०. रात्री दोन भाकऱ्या, ७०. आणि दिवसभरात चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, ४०. बेरीज झाली २७५. यात फळ नाही, बिस्कीट नाही, सणाची पुरणपोळी नाही. 'मी फारसं गोड खात नाही' म्हणणाऱ्या माणसाचं हे ताट आहे.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलात, तर त्याला बहुतेक जण कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. ५० ग्रॅमच्या खाली गेलात, की तो कीटो. १३० म्हणजे दुपारी दोन पोळ्या, रात्री एक भाकरी, बाकी भाजी, ताक, अंडी, पनीर, शेंगदाणे, थोडी उसळ आणि बिनसाखरेचा चहा. ५० म्हणजे पोळी-भाकरी-भात जवळजवळ बंद. या दोन्हींत फार अंतर आहे. कोणी विचारलं की "मी लो-कार्ब करतोय, धावू का?" तर आमचा पहिला प्रश्न हाच असतो, की नक्की किती ग्रॅमवर आहात.

आणखी एक. पोळी काढली की त्या जागी काहीतरी यायला हवं. आपल्याकडे बरेच जण पोळी काढतात, पण तेल-तूप वाढवायला घाबरतात, आणि प्रथिनं तर आधीपासूनच कमी असतात. मग तो कमी कर्बोदकांचा आहार राहत नाही, ती अर्धी उपासमार होते. आणि उपासमारीत आठवड्याला चाळीस किलोमीटर धावलं की स्नायू झिजतात, आजारपणं येतात, बायकांची पाळी अनियमित होते. हा दोष धावण्याचा नाही आणि आहाराचाही नाही, हा कमी जेवण्याचा दोष आहे.

काय, कधी, कोणत्या क्रमाने

आता आपण मुख्य मुद्द्याकडे येऊ. आहार आज बदलला, तर शरीरात सगळे बदल एकदम होत नाहीत. त्यांचा एक क्रम आहे, आणि तो माहीत असला की निम्मी भीती जाते.

पहिले तीन-चार दिवस टाकी रिकामी होते. ग्लायकोजेन साठवताना एका ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी सोबत साठतं. ४०० ग्रॅम ग्लायकोजेन गेलं, की त्याबरोबर सव्वा किलोच्या आसपास पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो, तो मुख्यतः यामुळे. चरबी एवढ्या लवकर उतरत नाही. पेढे वाटू नका. (हशा)

त्याच सुमारास मीठ जायला लागतं. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन कमी होतं, आणि इन्सुलिन कमी झालं की मूत्रपिंड सोडियम जास्त बाहेर टाकतं. म्हणून लघवीला जास्त होतं, डोकं दुखतं, उभं राहिलं की चक्कर येते, पिंढरीत गोळे येतात, आणि नेहमीच्याच वेगाला छातीचे ठोके वाढलेले दिसतात. त्यात आपला ऑक्टोबर. मुंबईच्या दमट हवेत तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर मीठही. पहिल्या दोन आठवड्यांतला बराचसा त्रास इंधनाचा नसून मीठ-पाण्याचा असतो. हा त्रास कमी करणं आपल्या हातात आहे, त्याकडे नंतर येतो.

दुसरा ते चौथा आठवडा हा पंप मोठा होण्याचा काळ. स्नायूंच्या पेशींत मेद जाळायची यंत्रणा वाढते. खरं तर ही वाढ पाच-सहा दिवसांतच सुरू होते, पण धावणाऱ्याला ती जाणवायला तीन-चार आठवडे लागतात, काहींना सहा. या काळात हळू धावणं हळूहळू परत येतं. एक दिवस अचानक लक्षात येतं, की दहा किलोमीटर झाले आणि आपण बरे आहोत.

वेगाचं मात्र तसं नाही. इंटरव्हल, टेम्पो, चढावरची धाव यांत दम पुरत नाही, आणि दोन-तीन महिन्यांनंतरही कमतरता जाणवते. असं का, ते प्रयोगांतून नीट समजतं.

प्रयोग काय सांगतात

तीन प्रयोग ओळीने ठेवतो. १९६७ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ जणांना वेगवेगळे आहार देऊन व्यायामाच्या सायकलवर दमेपर्यंत चालवायला लावलं. नेहमीच्या जेवणावर ते सुमारे ११४ मिनिटं टिकले, भरपूर कर्बोदकांवर १६७ मिनिटं, आणि कर्बोदकं जवळजवळ काढून टाकल्यावर फक्त ५७ मिनिटं. मॅरेथॉनच्या आधी पास्ता किंवा भात खायची जी पद्धत आहे, तिच्या मुळाशी हे काम आहे. पण त्या आहारांना दिलेला वेळ होता तीन-तीन दिवसांचा. म्हणजे टाकी रिकामी केली, आणि पंप बसवायच्या आधीच नळ उघडून बघितला.

१९८३ साली अमेरिकेत स्टीफन फिनी यांनी पाच मुरलेल्या सायकलपटूंना चार आठवडे कीटो आहारावर ठेवलं. मीठ आणि पोटॅशियम वेगळं दिलं. चार आठवड्यांनी मध्यम वेगात ते सरासरी १५१ मिनिटं टिकले, आधी टिकले होते १४७. म्हणजे सरासरी होती तिथेच राहिली, आणि तेवढ्यासाठी ग्लायकोजेन आधीपेक्षा कितीतरी कमी वापरलं. पण माणसामाणसांत फार फरक होता, आणि जोरात सायकल मारण्याची ताकद घटली, हे फिनी यांनी स्वतःच नोंदवलं आहे.

पुढे २०१६ साली जेफ वोलेक यांच्या गटाने वीस अल्ट्रा धावपटू तपासले. दहा जण सरासरी वीस महिने कमी कर्बोदकांवर होते, दहा जण नेहमीच्या आहारावर. पहिल्या गटाचा मेद जाळण्याचा कमाल वेग मिनिटाला १.५ ग्रॅमच्या वर निघाला, दुसऱ्याचा ०.७ च्या आत. दुप्पटीहून जास्त.

हा आकडा धावण्यात बसवून बघा. मिनिटाला दीड ग्रॅम म्हणजे तासाला ८१० कॅलरी. आपला ६५ किलोचा माणूस ताशी ९ किलोमीटरने धावला तर त्याला तासाला ५८५ कॅलरी लागतात. म्हणजे पूर्ण तयार झालेला पंप या वेगाला नुसत्या विहिरीवर घर चालवू शकतो. नेहमीच्या माणसाचा पंप देतो तासाला सव्वातीनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, उरलेलं टाकीतून येतं. हळू आणि लांब धावणाऱ्यांना हा आहार का मानवतो, ते इथे कळतं.

आता वेगाकडे वळू. २०१७ मध्ये लुईस बर्क यांनी ऑस्ट्रेलियात जगभरच्या अव्वल चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना तीन आठवडे कसून सराव करायला लावला. जे भरपूर कर्बोदकं खात होते, ते १० किलोमीटरच्या शर्यतीत सहा-साडेसहा टक्क्यांनी सुधारले. जे कीटोवर होते, ते मेद भरपूर जाळू लागले, पण सुधारले नाहीत. सराव तोच, घाम तोच, आणि पदरात काही नाही. कारण असं, की मेद जाळायला ऑक्सिजन जास्त लागतो. एक लिटर ऑक्सिजनवर कर्बोदकांतून साधारण ५ कॅलरी मिळतात, मेदातून ४.७. फरक सहा-सात टक्क्यांचा. गप्पा मारत धावताना श्वासाला तोटा नसतो, म्हणून फरक कळत नाही. पण जेव्हा फुप्फुसं आणि हृदय आधीच कमाल काम करतायत, तेव्हा हे सहा टक्के कुठून आणायचे?

यावर काही जण एक युक्ती सुचवतात: सराव कमी कर्बोदकांवर करू आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी भरपूर भात खाऊ, म्हणजे विहीरही आपली आणि टाकीही आपली. केपटाऊनमध्ये २००६ साली सायकलपटूंवर नेमकं हे करून बघितलं. सहा दिवस मेदाचा आहार, मग एक दिवस कर्बोदकं, आणि मग मध्येमध्ये जोराच्या फेऱ्या असलेली १०० किलोमीटरची परीक्षा. त्या जोराच्या फेऱ्यांत त्यांची ताकद कमी पडली. कॅनडातल्या एका गटाने त्याच वर्षी कारणही दाखवलं. मेदाच्या आहाराने स्नायूतलं कर्बोदकं जाळायचं एक महत्त्वाचं विकर मंदावतं. टाकी पुन्हा भरली, पण नळ वापरात नसल्याने घट्ट बसला होता.

इथे टिम नोक्स यांचं नाव निघतंच. दक्षिण आफ्रिकेचे हे डॉक्टर, स्वतः कॉम्रेड्स अनेकदा धावलेले, धावण्यावरचा त्यांचा ग्रंथ जगभरच्या धावणाऱ्यांच्या कपाटात आहे. त्या ग्रंथात ते कर्बोदकांच्या बाजूचे होते. २०१० च्या सुमारास त्यांनी मत बदललं आणि कमी कर्बोदकांचा जोरदार प्रचार सुरू केला. त्यांना स्वतःला टाइप २ मधुमेह होता. म्हणजे त्यांचा प्रश्न बदलला होता. कोणत्या इंधनावर वेगाने धावता येतं, हा एक प्रश्न. माझ्या शरीराला कोणतं अन्न झेपतं, हा दुसरा. तुमचा प्रश्न यांपैकी कोणता, हे आधी ठरवा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभं असलेल्या माणसाने मॅरेथॉनची दहा मिनिटं गमावली आणि साखर ताब्यात आणली, तर आमच्या मते त्याने काहीच गमावलं नाही.

मग करायचं काय?

पहिलं, दिनदर्शिका बघा. हा बदल शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत सुरू करू नका. मुंबईची शर्यत जानेवारीत होते. ती झाली की फेब्रुवारी-मार्च हा चांगला काळ. हवा अजून बरी असते, कुठलं वेळापत्रक डोक्यावर नसतं, आणि पंपाला पुरेसा वेळ मिळतो.

दुसरं, उतरणीने या. २७५ वरून एकदम ४० वर उडी मारू नका. पहिल्या आठवड्यात साखर आणि बिस्किटं काढा, दुसऱ्या आठवड्यात भात, मग पोळ्यांची संख्या. बऱ्याच जणांचं काम १३० च्या आसपास येऊनच होतं.

तिसरं, पहिले चार आठवडे वेगाचं घड्याळ घरी ठेवा. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल एवढ्याच वेगाने धावा. किलोमीटरला मिनिटभर जास्त लागला तरी चालेल. अंतर नेहमीच्या निम्म्या ते दोन तृतीयांश. इंटरव्हल बंद. चढ आला की चालायचं, त्यात कमीपणा नाही.

चौथं, मीठ. धावून आल्यावर मीठ घातलेलं ताक, दुपारी भाज्यांचं सूप किंवा कढण. ओआरएसला घाबरू नका. एका लिटरच्या पाकिटात १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं, आणि मीठ मात्र व्यवस्थित मिळतं. पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि मीठ न घेता नुसतं साधं पाणी पोटभर ढोसू नका. अति पाण्याने रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला उतरतं, हे नोक्स यांनीच १९८५ मध्ये आपल्या धावपटूंच्या उदाहरणांतून मांडलं होतं.

पाचवं, खिशात गूळ ठेवा. दहा-दहा ग्रॅमचे चार खडे. आहार कोणताही असो, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलताना शब्द सापडेनासा झाला, की थांबायचं आणि गूळ खायचा. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढे धावायचं नाही. आहार मोडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आणि सहावं, जे खरं तर पहिलं आहे. गोळ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार बदलायच्या आधी डोस बदलायला लागू शकतो, नाहीतर साखर कोसळते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रकारच्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. त्यांच्यासोबत कर्बोदकं फार कमी केली, तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि साखरेचा आकडा फार वाढलेला नसल्यामुळे तो लक्षातही येत नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. शरीरातलं मीठ-पाणी उतरलं की तोच डोस जास्त होतो आणि चक्कर येते. टाइप १ मधुमेह असेल, तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने अजिबात करू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*दीक्षित सरांची पद्धत आणि हे एकच का?*

नाही. त्या पद्धतीत मुख्य मुद्दा खाण्याच्या वेळांचा आहे, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. इथे आपण खाण्यातल्या कर्बोदकांच्या प्रमाणाबद्दल बोलतोय. दोन वेळा जेवूनही २५० ग्रॅम कर्बोदकं खाता येतात. दोन्ही एकदम सुरू केलंत, तर नेमकं कशाने काय झालं ते कळणार नाही. एकावेळी एक बदल करा.

*उपासाच्या दिवशी धावलं तर चालेल का? त्या दिवशी तर आपोआप कमी खाल्लं जातं.*

आपल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि केळं असतं. (हशा) साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. धावणाऱ्याच्या दृष्टीने एकादशी म्हणजे टाकी भरण्याचा दिवस आहे. हळू धावायला काहीच हरकत नाही. निर्जळी उपास असेल तर मात्र धावू नका.

*सगळा दिवस कमी कर्बोदकं न ठेवता मधला मार्ग नाही का?*

आहे, आणि आमच्या गटात ज्यांना मधुमेह नाही त्यांच्यापैकी बरेच जण तोच धरतात. ज्या दिवशी विश्रांती किंवा सावकाश धाव, त्या दिवशी पोळी-भात कमी. ज्या दिवशी जोराची धाव किंवा लाँग रन, त्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी नीट जेवायचं. शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक ते दोन केळी किंवा तेवढा गूळ. याने वेळ हमखास सुधारते असं प्रयोग सांगत नाहीत, पण नळही चालू राहतो आणि पंपालाही काम मिळतं.

*माझी शर्यत पाच आठवड्यांवर आहे आणि मी आधीच बदल केलाय. आता?*

कशासाठी बदल केलात, त्यावर आहे. नुसतं वजन उतरावं म्हणून असेल, तर आता नेहमीच्या जेवणावर या आणि शर्यतीनंतर पुन्हा सुरू करा. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून असेल, तर आहार तसाच ठेवा आणि शर्यत बदला. फुलची हाफ करता येत असेल तर करा. नाहीतर नाव तसंच ठेवून वेळेचा विचार सोडा, गप्पा मारत धावा, जमेल तिथे चाला, आणि शरीराने नको म्हटलं तर बाहेर पडा. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येते.

शेवटी त्या ताईंबद्दल सांगतो, कारण कोणीतरी विचारणारच. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. आहारात दुपारची एक पोळी आणि रात्रीची अर्धी भाकरी परत आली. त्या वर्षीची हाफ त्यांनी सोडली. दोन महिने आमच्या सर्वात हळू गटात, ग्लुकोमीटर कमरेच्या पिशवीत ठेवून धावल्या. पुढच्या मोसमात हाफ पूर्ण केली, आधीच्यापेक्षा अकरा मिनिटं जास्त लागली. साखरेचा तीन महिन्यांचा अहवाल त्यांनी आम्हाला पदकाच्या आधी दाखवला. नव्या माणसाने गटात नाव दिलं की आता आमच्या अर्जावर बुटाच्या मापाच्या वर एक ओळ असते: कोणती औषधं चालू आहेत?

पुढच्या वेळी आपण उन्हाळ्यातलं धावणं आणि पाणी या विषयावर बोलू. प्रश्न आधी लिहून पाठवले तर बरं पडेल.